हिरव्या दिव्यावरची शीग

आमच्या घरात ज्वारी मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत. 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. मी शाळेत जायच्या आधी आकडे शिकले ते असे, आईच्या तोंडून. त्यामुळे पहिलीत बाईंनी पाटीवर दगड मांडून मोजायला सांगितलं तेव्हा मी पहिल्या दगडाला 'लाभ' म्हणाले आणि सगळा वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "घरी कोण मोजतं?" मी म्हणाले, "आई."

मंगळवेढ्याजवळच्या आमच्या रानात मोजायचं काम आईचंच होतं. लहानपणी पोलिओने तिचा एक पाय गेला. पेरणीला तिला पाभरीमागे चालता येत नसे, काढणीला वाकता येत नसे. मग खळ्यावर रास पडली की ती राशीजवळ पोत्यावर बसायची आणि मापटं भरायची. मापटं भरलं की त्यावर दोन्ही हातांनी ज्वारीचा उंच ढीग चढवायची, अगदी दाणा घसरेपर्यंत. त्याला शीग म्हणतात. कडेपर्यंत भरून वरून हात फिरवला तर ते सपाट माप. ते चिकटपणाचं समजतात. शीग लावून दिलं तर देणाऱ्याचं मन मोठं. आईच्या शिगेचं नाव चार वाड्यावस्त्यांवर होतं. चालता न येणाऱ्या बाईचं नाव तिच्या आधी चालत पोचायचं.

हे सगळं इतकं सविस्तर सांगते आहे, कारण पुढे जे घडलं ते या शिगेमुळे घडलं.

मी पदवीला सोलापूरला आले तेव्हा आई माझ्याबरोबर आली. घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. इलेक्ट्रॉनिक्स विषय घेऊन बी.एस्सी. झाले ते आई कडक भाकरी थापून विकत होती म्हणून, आणि शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी एकदा कपाटातला व्होल्ट मोजायचा मीटर काढून माझ्या हातात दिला होता म्हणून. "धर, मोडत नाही," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. आजही मीटरच्या तारा हातात घेताना मला ते ऐकू येतं.

भवानी पेठेत आमच्या दोन खोल्या आहेत. शेजारी यंत्रमाग. दिवसभर त्यांची खडखड चालू असते आणि टॉवेलच्या सुताची बारीक पिंजण हवेत तरंगत असते. दुपारी खिडकीतून उन्हाची तिरीप आत आली की त्या तिरिपीत पिंजण इतकी हळू खाली उतरते की आपणच वर चाललो आहोत असं वाटतं. नवीन होते तेव्हा मला त्या आवाजात वाचता यायचं नाही. आता माग बंद असले की मला जाग येते.

पदवीनंतर मी दोन गल्ल्या सोडून एका बॅटरीच्या दुकानात कामाला लागले. दुकान एका वयस्कर तेलुगू कारागिरांचं. आयुष्यभर मागांच्या मोटारी दुरुस्त केल्या, आणि उतारवयात लिथियमचे सेल जोडून बॅटरी पॅक बांधायला शिकले. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही म्हणते. मी त्यांच्याकडे शिकायला लागले तेव्हा त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं होतं, "डिग्रीत काय काय शिकवले?" मी भराभर सांगितलं. ते म्हणाले, "चांगलं. आता हात शिकवू."

आईकडे बॅटरीवर चालणारी तीनचाकी होती, अपंगांना मिळते तशी. तिच्यात शिशाच्या चार जड बॅटऱ्या होत्या, बारा-बारा व्होल्टच्या. चौघी मिळून अठ्ठेचाळीस. दोन-तीन वर्षांत त्या दमल्या. गाडी गल्लीच्या तोंडापर्यंत जायची आणि थांबायची. मग मी ठरवलं की आईसाठी लिथियमचा पॅक मी स्वतः बांधायचा.

दुकानाबाहेर माझ्या हाताने बांधलेला तो पहिला पॅक. सेलचे तेरा गट, एकामागे एक जोडलेले. मी प्रत्येक गटाला धातूची पट्टी जोडत होते आणि आई शेजारी बसून मोजत होती, "लाभ, दोन, तीन..." तेराव्याला तिने हात जोडले. वजन जुन्याच्या पाव हिश्श्याएवढंही नव्हतं. मी पॅकला निळं वेष्टण घातलं आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलं, ४८.

पॅकबरोबर नवा चार्जर आणला. आईला सांगितलं, "लाल दिवा म्हणजे भरतंय. हिरवा झाला की भरलं. मग काढायचं."

"भरलं की काढायचं," आई म्हणाली. "एवढं कळतंय मला."

त्यानंतरचे दोन-तीन महिने मला एखाद्या लांबलेल्या स्वप्नासारखे आठवतात. आई सकाळी भाकरीच्या टोपल्या पुढच्या जाळीत ठेवून निघायची, चार-पाच घरी द्यायची, आणि सोमवारी तशीच पुढे सिद्धेश्वराच्या तळ्यावर जायची. एकटी. सोलापुरात येऊन सात-आठ वर्षं झाली तरी ती कुठेही एकटी गेली नव्हती. कुणीतरी रिक्षात बसवायचं, कुणीतरी उतरवून घ्यायचं. आता ती तळ्याकाठी गाडी उभी करून पाण्याकडे बघत बसायची. मी विचारायचे, "काय बघतेस तिथं?"

"काय न्हाय," ती म्हणायची. "पानी हालतंय, आन् मी न्हाय. लई बरं वाटतंय."

मग एका सोमवारी गाडी येताना वाटेत बंद पडली. बॅटरी संपली होती. दोन पोरांनी ढकलत घरापर्यंत आणली. पोरं चांगली होती, हसली नाहीत. पण आईने त्या दिवशी अर्धीच भाकरी खाल्ली. शेवटी ताट सरकवत एवढंच म्हणाली, "ढकलून आनली मला. पोत्यावानी."

मला तेव्हाच नीट ऐकायला हवं होतं. मी म्हणाले, "वाटेत इकडेतिकडे फार फिरत जाऊ नकोस," आणि भांडी घासायला उठले.

पुढच्या आठवड्यात मी दुकानात जाताना डबा विसरले. दुपारी परत आले तर आई मागच्या दारात भाकऱ्या उन्हात सुकवत होती. खोलीत कुणी नव्हतं. उन्हाची तिरीप जमिनीवर होती, तिच्यात पिंजण उतरत होती, आणि कोपऱ्यात निळा पॅक चार्जिंगला लावलेला होता. मी डबा उचलला. जाता जाता नजर चार्जरच्या दिव्यावर गेली. हिरवा होता. मी बघत असतानाच तो लाल झाला. थोड्या वेळाने पुन्हा हिरवा.

खरं सांगते, पहिले काही क्षण मला ते सुंदर वाटलं. काजवा बसल्यासारखा तो कोपरा हळूहळू रंग बदलत होता. मग लक्षात आलं की भरलेल्या पॅकचा दिवा परत लाल व्हायचं कारण नाही. आणि मग दिसलं, की हा चार्जर नवा नव्हताच. काळा, जाडजूड, मागचं लेबल घासून गेलेला. शिशाच्या बॅटऱ्यांचा जुना चार्जर. नवा त्याच्या शेजारी जमिनीवर नीट गुंडाळून ठेवला होता.

मी आधी भिंतीवरचं बटण बंद केलं, मग पिन काढली. पॅकवर तळवा ठेवला. तव्यावरून काढून बराच वेळ झालेल्या भाकरीएवढा कोमट होता. त्याच्या एका बाजूला भाकऱ्यांच्या टोपल्या, वर दोरीवर चादरी, आणि सगळीकडे ती पिंजण. घरात कापसाशिवाय दुसरं काही नव्हतंच जणू.

"आई!"

ती दारातून म्हणाली, "काय गं? डबा मिळाला न्हाय व्हय?"

"हा चार्जर कुणी लावला?"

"मी. कोन लावनार दुसरं?"

"नवा असताना?"

"नवा लावला की आधी." ती भिंतीला धरत आत आली. माझा चेहरा बघूनही ती शांतच होती, जणू मीच काहीतरी साधं विसरले आहे. "त्याचा हिरवा झाला. हिरवा म्हंजी काठापातूर भरलं, सपाट. मग वरनं ह्यो लावती. ह्याची शीग चढती. बघ की, अजून घेतीया ती. लाल होतोय, हिरवा होतोय. किती दिस लावतीया मी, काय झालं न्हाय."

मला रडू आलं आणि राग आला, दोन्ही एकदम. मी पॅक उचलून मागच्या अंगणात नेला, भिंतीपासून लांब, फरशीच्या मोकळ्या तुकड्यावर ठेवला. आईच्या भाकऱ्या त्याच्यापासून दूर सरकवल्या. मग म्हणाले, "आता ही गाडी बंद. मी सांगेपर्यंत बंद."

आई उंबऱ्यावर बसली. म्हणाली, "लेक गिरॅजवेट झाली, आन् आईला परत पोत्यावर बसवाया निघाली."

मी अण्णांना बोलावून आणलं. ते मीटर घेऊन आले, आधी लांबून बघितलं, वास घेतला, मग उकिडवे बसले. पॅक फुगला नव्हता. त्यांनी वेष्टण कापलं आणि एकेक गट मोजला. आकडे ते बोलत होते, मी लिहून घेत होते. प्रत्येक गट पूर्ण भरला की चार पॉइंट दोन व्होल्ट. त्याच्या वर जायचं नाही. दोन गट ती रेघ ओलांडून बसले होते.

"बीएमएसनं धरलं म्हणून वाचलं," अण्णा म्हणाले. पॅकच्या आत एक छोटी सर्किटची पट्टी असते, तिला बीएमएस म्हणतात. कुठलाही गट फार भरला की ती आतून दार लावते. "ती दार लावली की चार्जर हिरवा. थोडं उतरलं की ती दार उघडली. चार्जर परत लाल. दिवसभर हेच चाललेलं. बिचारी किती वेळा दार लावत बसल? एक दिवस दमली असती की."

मी मान हलवली. मला हे सगळं येत होतं. परीक्षेत लिहिलं होतं. तेरा गटांच्या पॅकला भरल्यावर चोपन्न पॉइंट सहा व्होल्ट लागतात, नवा चार्जर तिथे थांबतो. शिशाच्या चार बॅटऱ्यांचा जुना चार्जर एकोणसाठच्या आसपास जाईपर्यंत ढकलत राहतो. दोघांचं नाव मात्र एकच, अठ्ठेचाळीस. ते बोलायचं नाव. भरताना कामाचा आकडा वेगळाच असतो, आणि तो मी पॅकवर कुठेच लिहिला नव्हता.

अण्णांनी जुन्या चार्जरची पिन उचलली आणि पॅकच्या तोंडात घालून बघितली. सहज बसली.

"ही पिन कुणाची?"

मी कापलेलं वेष्टण गोळा करू लागले.

"विचारलालो मी."

"जुन्या गाडीचीच," मी म्हणाले. "पॅक बांधताना तीच ठेवली. आईच्या हाताला सवय होती म्हणून."

अण्णांनी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मग अक्कावर कशाला ओरडलालीस? दार तूच उघडं ठेवलंस की."

आई उंबऱ्यावरून म्हणाली, "ओरडू द्या तिला. भ्याली हाय ती." माझ्या बाजूने बोलली. त्याने मला जास्त लागलं.

अण्णांनी जुन्या इस्त्रीची कॉइल पॅकला जोडली आणि पॅक हळूहळू अर्ध्यावर उतरवला. म्हणाले, चार दिवस असाच बाहेर राहू दे, रोज मोज, कुठला गट आपोआप खाली जातोय का बघ. ते चार दिवस गाडी अंगणात उभी होती. आई तिच्याकडे न बघता भाकऱ्या थापत होती. सोमवार आला. सकाळी तिने आंघोळ केली, चांगलं लुगडं नेसली, आणि उंबऱ्यावर बसली. रिक्षा बोलावू का, विचारलं तर म्हणाली, "नगं. रिक्षावाला थांबत न्हाय. पान्याकडं बघाया कोन थांबतंय."

मला जे भय वाटत होतं ते आता आगीचं राहिलं नव्हतं. मला वाटत होतं, ही परत त्या गाडीवर बसणारच नाही. किंवा बसेल, पण माझ्या परवानगीने, आणि ते बसणं वेगळं असेल.

त्या दुपारी भाकऱ्यांच्या वासात माझा डोळा लागला. स्वप्नात खळं होतं. राशीजवळ तेरा मापटी ओळीने मांडलेली, निळी. कुणीतरी प्रत्येकावर शीग चढवत होतं आणि दाणे खाली न पडता वर वर चालले होते, पिंजणीसारखे तरंगत. मी ओरडत होते, पुरे, पुरे. आणि माझा आवाज मागासारखा येत होता, खडखड, खडखड. जागी झाले तेव्हा आई खरोखरच ज्वारी मोजत होती. दळणासाठी. गावाहून आणलेल्या त्याच मापट्याने. "लाभ," ती पुटपुटली, आणि शीग लावली.

मी उठले, स्वयंपाकघरातून एक ताटली आणली आणि तिच्या भरलेल्या मापट्यावर धरली. "आई, यावर हे झाकण बसव."

"येडी का तू? शिगेवर झाकन बसतंय व्हय?"

"बसव तरी."

तिने दाबलं. दाणे चहूकडे सांडले. तिने माझ्याकडे बघितलं.

"बॅटरी म्हणजे झाकणाचं माप आहे," मी म्हणाले. "प्रत्येक गटावर झाकण लावलेलं आहे, आणि ते उघडत नाही. शीग लावली तर सांडायला जागाच नाही. आत दाबली जाते. आतच तापते."

आईने सांडलेले दाणे मुठीत गोळा केले. माग चालूच होते. मग म्हणाली, "आन् किती तापती?"

"पेट घेण्याएवढी."

"पेट?" ती टोपल्यांकडे, दोरीवरच्या चादरींकडे बघू लागली. सगळ्या खोलीवरून तिची नजर हळूच फिरली. "आन् हे तू मला आता सांगतीस."

"मी सांगितलं होतं, हिरवा झाला की भरलं, मग काढायचं."

"भरलं म्हनालीस की. सपाट भरलं, असं कुटं म्हनालीस? आमच्यात सपाटाला भरलं म्हनत न्हाईत."

पदवीची सगळी वर्षं मी 'पूर्ण भरणे' हे शब्द लिहीत आले, आणि माझ्या आईच्या भाषेत त्याचा अर्थ वेगळा आहे, हे मलाच माहीत असायला हवं होतं. दुसऱ्या कुणाला कुठून माहीत असणार.

"पण मला ती शीग हौस म्हनून नको हुती," आई म्हणाली. "परत येताना पुरावी म्हनून. ढकलून आनू नये कुनी म्हनून."

मग तिने ताटली बाजूला ठेवली. मापट्यावरून उजव्या हाताचा तळवा फिरवला आणि दाणे सपाट केले. आयुष्यात पहिल्यांदाच मी तिला सपाट माप करताना बघितलं. मग ती म्हणाली, "शीग लावता येत न्हाय, तर माप मोठं घ्यायचं की. त्यात काय एवढं?"

मी तशीच धावत दुकानात गेले. अण्णा ऐकून हसले, मग हसायचे थांबले. "अक्का बरोबर बोलली," ते म्हणाले. "गट तेराच. गटात सेल वाढव. व्होल्ट तेवढाच, पोट मोठं. आणि जुने सेल घालू नको त्यात. त्यांनी लई सोसलंय."

नवा पॅक बांधायला मला दोन आठवडे लागले. आईने मोजलं, लाभपासून तेरापर्यंत. चार्जर तोच नवा चालला, फक्त भरायला जास्त वेळ घेतो. भरून तो चोपन्न पॉइंट सहाला थांबतो का, हे मी मीटर लावून आधी बघितलं. तारांची धन-ऋण बाजूही बघितली. पॅकची पिन बदलली. आता जुनी कुठलीही पिन त्याच्या तोंडात बसतच नाही. जुन्या चार्जरची वायर मी मुळापासून कापली. आईने ती कापलेली पिन मागून घेतली आणि देवळीत ठेवली. का ते मी विचारलं नाही. वेष्टणावर ४८ लिहिलं नाही. लिहिलं, 'भरल्यावर ५४.६. हिरवा म्हणजे सपाट. काढा.' आईला अक्षरं सावकाश लागतात, पण लागतात. तिने बोट फिरवत वाचलं आणि म्हणाली, "सपाट, हे बरं लिवलंस."

आणि चार्जिंगची जागा आता मागच्या अंगणाच्या फरशीवर आहे, पत्र्याच्या सावलीत, चादरींपासून लांब. मी घरी असताना किंवा आई जागी असतानाच लावायचं, असं आमचं दोघींचं ठरलं. आई म्हणाली, "दूध चुलीवर ठिवून कोन गावाला जातंय?"

पहिल्या सोमवारी मी बरोबर येऊ का म्हणून विचारलं. तिने टोपल्या जाळीत ठेवल्या, माझ्याकडे बघितलंही नाही. "तू दुकानाला जा."

मी गेले. दिवसभर हातून काम धड झालं नाही. अण्णांनी दोनदा माझ्या हातातून सोल्डरची कांडी काढून घेतली. ऊन कलल्यावर मी गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी राहिले. माग थांबले होते, त्यामुळे फार शांत होतं, आणि त्या शांततेत मला आधी चाकांचा आवाज आला, मग आई दिसली. एकटी. कुणीही ढकलत नव्हतं. सावकाश येत होती, जणू रस्ताच तिच्याकडे सरकत होता.

"अजून हाय तिच्यात," ती गाडी थांबवत म्हणाली. "तळ्याला फेरी घातली आज पुरी."

घरी येऊन तिने पॅक स्वतः काढला, फरशीवर ठेवला, पिन लावली. ती परातीशी बसली, मी अभ्यासाचं जुनं पुस्तक घेऊन दारात. काही तासांनी दिवा हिरवा झाला आणि हिरवाच राहिला. आई उठली, भिंतीला धरत गेली, बटण बंद करून पिन काढली. मग वाकून पॅकच्या निळ्या वेष्टणावरून उजव्या हाताचा तळवा फिरवला, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

"लाभ," ती म्हणाली, आणि परत भाकऱ्यांकडे वळली.